वीतभर उंचीवरून

नरेंद्रने आयुष्याची बत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गाड्यांच्या पोटाखाली काढली. शेणवे गावात त्याला सगळे मेस्त्रीच म्हणतात. ड्रायव्हर सांगतो तो बिघाड एक आणि गाडीखाली आडवं झाल्यावर दिसतो तो दुसरा, हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे रिटायर झाल्यावर जेव्हा घरात एकट्यानं रांगतं मूल सांभाळायची पाळी त्याच्यावर आली, तेव्हा त्यानं तेच केलं जे त्याला येत होतं.

पाळी आली ती अशी. मुलगा मुकेश भिवंडीला गोदामात शिफ्टवर. सून श्वेता शहापूरला एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला. तिची बाळंतपणाची रजा संपली. बायको संघरत्ना अंगणवाडीची बाई, ती दोनपर्यंत बाहेर. उरला नरेंद्र आणि साडेआठ महिन्यांची नात मनस्वी. त्याला वाटलं होतं, मांडीवर घेऊन बसायचं, पेज भरवायची, निजवायचं. पहिले काही दिवस तसेच गेले. मग मनस्वी रांगायला लागली.

आधी ती मागं मागं जायची, त्याची नरेंद्रला फार गंमत वाटली. रिव्हर्स पडतोय, फर्स्ट पडत नाय, असं तो शेजाऱ्यांना सांगत फिरला. मग एका सकाळी फर्स्ट पडला, आणि त्यानंतरच्या तीन दिवसांत तिनं भाताच्या कणगीखालच्या उंदराच्या बिळात हात घातला, टीव्हीची वायर तोंडात धरली आणि गॅसच्या नळीला लोंबकळली. नरेंद्र प्रत्येक वेळी धावला, उचललं, बाजूला ठेवलं. ती पुन्हा निघाली. विशेष म्हणजे ती भटकत नव्हती. काहीतरी बघून, ठरवून, सरळ रेषेत जायची. पण ती काय बघते, ते त्याला उभ्यानं दिसत नव्हतं.

चौथ्या दिवशी ती झोपल्यावर त्यानं लुंगी खोचली आणि तो बाहेरच्या खोलीत पालथा पडला. हनुवटी फरशीपासून वीतभर वर धरली आणि कोपरांवर सरकत सरकत घराची फेरी काढायला लागला.

वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं उभं केलेलं घर. पण ते त्याला ओळखू येईना. टेबलाच्या खालच्या अंगाला दोन खिळ्यांची टोकं बाहेर आली होती, बरोबर तिच्या टाळूच्या उंचीवर. कपाटाखाली गेल्या दिवाळीची टिकली-फटाक्यांची डबी होती. उभ्या माणसाला चार्जरची वायर म्हणजे कोपऱ्यातली एक काळी रेघ. खालून ती हलणारी शेपटी दिसत होती, आणि टोकाला चकाकतं तोंड. गॅसच्या शेगडीची बटणं तर ओळीनं मांडल्यासारखी डोळ्यांसमोर. त्याला वाटलं, आपणही एखादं फिरवून बघितलं असतं. मग तो खाटेखाली शिरला. तिथं भिंतीला टेकून उंदरांच्या औषधाची निळी वडी पडली होती, अर्धी कुरतडलेली. दोन वर्षांपूर्वी त्यानंच ठेवली होती आणि विसरला होता. ती हातात घेऊन आणखी काही आहे का, ते तो अंधारात चाचपायला लागला.

तेवढ्यात संघरत्ना आली. दारातून तिला फक्त खाटेखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले. ती पिशवी टाकून धावली, पायाला धरून हलवलं, तर आतून आवाज आला की जरा बॅटरी दे. त्यानंतर ती जे बोलली ते सगळं सांगण्यासारखं नाही. पण वडी बघितल्यावर तिनं स्वतःच बॅटरी आणून दिली.

त्या दिवसापासून नरेंद्रला नादच लागला. मनस्वीला नुसतं अडवायचं नाही, आधी बघायचं, असं त्यानं ठरवलं. ती कशाकडे जाते, का जाते, कुठल्या हातानं धरते. एकदा त्यानं चटईवर तिच्यापुढं तीन गोष्टी मांडल्या: लाल खुळखुळा, स्टीलचा चमचा आणि संघरत्नानं आणलेली रबरी बदकांची जोडी. मनस्वीनं तिन्हींवरून हात फिरवला आणि चटईच्या विणीत अडकलेला मोहरीचा एक दाणा दोन बोटांत उचलला. त्याला तो दाणा चष्मा लावूनही दिसला नव्हता. तोंडाकडे जायच्या आत त्यानं तो काढून घेतला, पण त्याचं आश्चर्य काही दिवस ओसरेना. मोठं माणूस मोठी वस्तू आधी बघतं. हिची नजर बारकीवर. मुंगी, केस, तांदळाची कणी, भिंतीच्या रंगाचा पोपडा. म्हणून मग झाडू त्यानं स्वतःकडे घेतला, आणि दिवसातून दोनदा, गुडघ्यांवर बसून, खालून उजेड पाडून काढायला लागला.

पाण्याचं त्याला संघरत्नानं सांगितलं. गावात नळ एक दिवसाआड येतो, त्यामुळे मोरीत निळं पिंप, दोन बादल्या, टब, सगळं कायम भरलेलं. ट्रेनिंगमध्ये त्यांना शिकवलं होतं की लहान मूल बादलीतल्या वीतभर पाण्यातही बुडून जातं. नरेंद्रला ते खरं वाटेना. पाणी वीतभर, तर मूल डोकं वर का काढत नाही? मग त्यानं मनस्वीला रिकाम्या बादलीजवळ बसवलं, आत तिचा खुळखुळा टाकला आणि दोन्ही हात तयार ठेवून बघत राहिला. ती काठाला धरून उभी राहिली, वाकली, आणि डोकं खाली, पाय वर. जमिनीवर टेकायला पाय नव्हते आणि हातांना वर रेटायला बळ नव्हतं. त्यानं तिला लगेच बाहेर काढलं. टपावर सगळं सामान आणि खाली गाडी रिकामी, तशी ही गत, हे त्याला क्षणात कळलं. डोकं जड, बूड हलकं. त्या संध्याकाळी त्यानं पिंपाला कडीचं झाकण केलं, बादल्या पालथ्या घातल्या आणि मोरीच्या दाराला वरून कोयंडा ठोकला.

मग कपाटं आली. शेतावरचं तणनाशक थंड पेयाच्या बाटलीत ओतून माळ्यावर ठेवलेलं होतं, तसं ते गावात घरोघर असतं. ते त्यानं पुन्हा मूळ डब्यात घातलं आणि गोठ्यातल्या पेटीत कुलपात ठेवलं. रिकामी बाटली ठेचून टाकली. विळी खुंटीवर गेली. बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती खालच्या फळीवरून वरच्या फळीवर गेली. ओट्याखालच्या दारांना त्यानं फिरवायच्या लाकडी खिट्ट्या बसवायला घेतल्या, सागाच्या, स्वतः तासलेल्या. आणि तिथंच घात झाला.

स्क्रू त्यानं फरशीवर कागदावर मांडून ठेवले होते. आठ. मनस्वी खाटेला धरून उभी होती, पाचेक हात लांब. खिट्टी नीट बसते का ते बघायला त्यानं पाठ फिरवली. वळून पाहिलं तर मनस्वी कागदाजवळ बसली होती आणि कागदावर सात होते. तिचं तोंड बंद होतं. त्यानं बोट घालून पाहिलं. तोंडात काही नव्हतं. फरशी, चटई, तिचे कपडे, स्वतःची लुंगी, सगळं झटकलं. ती रडत नव्हती, खोकत नव्हती, त्याच्याकडे बघून हसत होती. आठवा स्क्रू कुठंच नव्हता.

शहापूरला रिक्षानं जाताना तो तिला छातीशी धरून तिचा श्वास ऐकत होता. डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला. फिल्म उजेडावर धरली तेव्हा बरगड्यांच्या खाली, पोटाच्या धुरकट ढगात, तो होता. आटे मोजता येतील इतका स्पष्ट. अर्ध्या इंचाचा, चपट्या डोक्याचा. हजारो स्क्रू त्यानं आयुष्यात हाताळले, पण असा आतून उजळलेला कधी पाहिला नव्हता. डॉक्टर शांत होते. नळीतून खाली उतरलाय, बहुतेक आपोआप बाहेर पडेल, पण शी रोज तपासा, आणि उलटी, रक्त, पोट फुगणं यातलं काही दिसलं तर थांबू नका, असं त्यांनी सांगितलं. परवा पुन्हा फोटो काढायचा होता.

श्वेताची लॅब दोन गल्ल्या सोडून. ती पांढऱ्या कोटातच आली. तिनं मनस्वीला घेतलं, फिल्म बघितली. रोज लोकांचे रिपोर्ट बघणारी पोरगी. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. नरेंद्रने घडलं तसं सांगितलं, पाठ फिरवल्यापासून. स्वतःला वाचवायचं एकही वाक्य त्यात घातलं नाही. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बाबा, मी उद्यापासून रजा टाकते."

तिनं ओरडायला हवं होतं, असं त्याला नंतर वाटत राहिलं.

ते दोन दिवस त्यानं अंगणात काढले. शी तपासायचं काम मात्र त्यानं कोणाला दिलं नाही. श्वेताही अडवायला गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, केळीच्या पानावर, काटकीनं उकलताना खट्ट आवाज आला. त्यानं तो स्क्रू पाण्यानं धुतला, साबणानं धुतला, आणि आत जाऊन श्वेताच्या पुढं ठेवला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला, मग पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ठरल्याप्रमाणे पुन्हा फोटो काढला. पोट साफ होतं.

रजा तशीच चालू राहिली असती. मुकेशचं म्हणणं होतं, नोकरीच सोड. रविवारी दुपारी मनस्वी झोपली होती, तेव्हा श्वेता नरेंद्रजवळ आली आणि म्हणाली की तुम्ही खालून घर बघितलंत म्हणतात, तर मला दाखवा. तो आधी टाळत होता. सुनेसमोर पालथं पडायचं म्हणजे कसं दिसेल, असंही मनात आलं. पण तिनं ओढणी कमरेला बांधली आणि ती आधी गुडघ्यांवर बसली.

मग दोघं एकामागोमाग सगळ्या घरातून फिरले. तो दाखवत होता: इथं खिळे होते, इथं ती वडी. ती ऐकत होती, पण तिचा हात फरशीवरून सारखा फिरत होता, आणि त्याच्या दोनदा काढलेल्या झाडूतूनही सुटलेल्या गोष्टी तिला सापडत होत्या. तिच्याच केसांची पिन. कानातल्याची फिरकी. रिमोटच्या मागचं झाकण सैल झालं होतं, आतला सेल निघू शकत होता. आणि वजनकाट्यातून निघून पडलेली चपटी बटणासारखी बॅटरी. ती तळहातावर घेऊन तिनं सांगितलं की स्क्रू परवडला, ही गिळली तर दोन तासांत अन्ननळी जळते. नरेंद्रला ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं बॅटऱ्यांची कामं केली, आणि ही टिकलीएवढी गोष्ट त्याला कधी बॅटरी वाटलीच नव्हती.

खाटेजवळ आल्यावर श्वेता भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "बाबा, तुमच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाय. माझ्या पिना पण होत्याच की. पण एक करा. ती जागी असताना हत्यार हातात घ्यायचं नाय. कायपण असो."

"नाय घेणार," नरेंद्र म्हणाला.

सोमवारी ती कामाला गेली. खिट्ट्यांचं उरलेलं काम त्यानं श्वेता घरी असताना, मनस्वी झोपल्यावर केलं, स्क्रू खिशात ठेवून वर बटण लावून.

गोष्ट गावात पसरली, आणि एक्स-रेची फिल्म बघायला लोक यायला लागले. आधी त्याला लाज वाटायची. मग संघरत्नानं ती फिल्म अंगणवाडीच्या आयांच्या बैठकीला मागितली, आणि सोबत त्यालाही. पोषण आहार, लसी, वजन हे सगळं बायका माना डोलावून ऐकतात, पण त्या दिवशी फिल्म हातोहात फिरली. नंतर चार घरी त्याला बोलावणं आलं. तो जायचा, घरच्यांना बाहेर बसायला सांगायचा आणि पालथा पडायचा. प्रत्येक घर खालून वेगळं. कुणाकडं भात गिरणीत न्यायच्या पोत्यांची सुई, कुणाकडं अंगणातल्या शोषखड्ड्यावर नुसता पत्रा.

पावसाळा सरल्यावर संघरत्ना त्याला डोंगरावरच्या एका पाड्यावर घेऊन गेली. तिथली लहानी नावाची बाई, नवरा चांगो, आणि नऊ महिन्यांचं त्यांचं पोर भगीरथ. नरेंद्रने पिशवीत चार खिट्ट्या आणि दोन कोयंडे घेतले होते. लहानीच्या घरात शिरला आणि त्याला कळलं की हे बसवायला इथं जागाच नाही. कुडाच्या भिंती, वर गवताचा शाकार, एकच खोली. कपाट नाही, ओटा नाही, टेबल नाही. त्यानं तिला विचारलं, जरा जमिनीवर झोपून बघू का. ती तोंडाला पदर लावून हसली आणि हो म्हणाली.

सारवलेल्या भुईवर तो आडवा झाला. आणि बघतो तर खाली काहीच नव्हतं. कोयता, मीठमिरची, बियाण्याचे भोपळे, कपडे, डाळीचं गाठोडं, सगळं आढ्याला दोऱ्यांनी टांगलेलं. उंदरांपासून वाचवायला केलेली सोय पोराच्याही कामाला आली होती. विस्तवाची तीन दगडांची चूल तेवढी खाली होती. त्यानं तिकडं बोट दाखवलं. लहानीनं सांगितलं की सकाळी विस्तव विझला, दगड कोमट राहिले की ती भगीरथचा हात त्यांना लावते आणि "हा" म्हणते. आता तो चुलीकडं बघून स्वतःच "हा" म्हणतो आणि लांब बसतो.

बोलता बोलता ती दाराबाहेर धान पाखडत होती. पोराकडं तिची पाठ होती. नरेंद्रला राहवेना. "गो बाय, पोराकडं पाठ करून बसलीस. भ्या नाय वाटत?"

"वाजतंय ना तो," लहानी म्हणाली. "वाजतंय तवर बरा. गप झाला का उठायचा."

तेव्हा त्याच्या कानावर आलं. भगीरथच्या पायात जाड वाळे होते, आत खडे भरलेले, आणि पोर हललं की ते वाजत होते. आल्यापासून वाजतच होते, त्यानं ऐकलं नव्हतं एवढंच. तिनं पाखडता पाखडता हात थांबवला, कान दिला, पुन्हा सुरू झाली. मध्येच एकदा आवाज बंद पडला. ती त्याच क्षणी उठली. भगीरथ कुडाच्या फटीतून ओढून काढलेली काडी चघळत बसला होता. तिनं ती काढून घेतली आणि परत सुपाकडं आली.

नरेंद्रनेही भुईवर बसल्या बसल्या वाळ्यांकडं कान लावला. इंजिनच्या आवाजावरून आजार सांगणारा माणूस तो. डेपोत त्याला लांबून गाडी येताना ऐकूनच कळायचं, कुठल्या सिलिंडरला काय झालंय. आणि घरात मात्र त्यानं नुसते डोळे लावले होते, ते पाठ फिरवली की बंद. मनस्वीनं स्क्रू उचलला तेव्हा नक्कीच एक क्षण घर शांत झालं असेल. आता आठवून बघितलं तर त्याला ती शांतता जवळजवळ ऐकू आली.

लहानीला द्यायला त्याच्याकडं फारसं काही नव्हतं. बाहेर पाण्याचं पिंप होतं, उघडं, दगडाला टेकलेलं, आणि भगीरथ अजून उभा राहत नव्हता म्हणून कोणाच्या मनात आलं नव्हतं. नरेंद्रने चांगोला बादलीची ती गोष्ट सांगितली, जड डोक्याची. चांगोनं रानातून आणलेल्या फळ्या पुढं केल्या. दोघांनी मिळून पिंपाला झाकण केलं, पोराला उचलता येणार नाही असं. पिशवीतल्या कोयंड्याचा उपयोग तिथं झाला. निघताना त्यानं वाळे कोण बनवतं ते विचारून घेतलं.

मुरबाडच्या बाजारातून त्यानं मनस्वीला तसेच वाळे आणले. घालायच्या आधी पकडीनं जोड दाबून बघितले, खडा बाहेर येत नाही ना ते पाण्यात घालून, आपटून बघितलं. श्वेतानंही एकदा बघितले. पुढचे कित्येक महिने त्यांच्या घरात छुमछुम चालू असायची, आणि ती थांबली की नरेंद्र कुठंही असला तरी मान वर करायचा. आवाजावरून त्याला हळूहळू बरंच कळायला लागलं. रांगण्याचा ताल वेगळा, चढण्याचा वेगळा. एक वाळा वाजतोय आणि दुसरा नाही, म्हणजे पाय कशावर तरी ठेवलाय.

आता मनस्वी तीन वर्षांची आहे आणि सकाळी आजीचं बोट धरून अंगणवाडीत जाते. सागाच्या खिट्ट्या ती कधीच उघडायला शिकली. कशी शिकली ते बघायला नरेंद्रने तिला सात-आठ वेळा तेच करायला लावलं होतं. संघरत्नाचा खांदा दुखतो, म्हणून मिठाची बरणी पुन्हा खालच्या फळीवर आली आहे. तणनाशक अजून गोठ्यातच कुलपात आहे. ते घरात यायचं नाही.

गेल्या महिन्यात टोकावड्याहून एका माणसाचा फोन आला. रस्त्याकडेला त्याचा ढाबा, मागंच घर, आणि घरात दहा महिन्यांच्या जुळ्या मुली. दोघींनी एकदमच रांगायला सुरुवात केली होती. त्यानं सांगितलं की एकीला अडवलं की दुसरी निसटते, आणि परवा एक भिंतीशी बसली होती नि दुसरी तिच्या पाठीवर चढून खिडकीला पोचली.

नरेंद्रने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. पाठीवर चढली म्हणजे खालची हलली नाही का, रडली नाही का, हे विचारून घेतलं. एकीचं त्याला आता बरंचसं माहीत होतं. दोघी मिळून काय करतात ते त्यानं अजून पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो निघाला, मुरबाडला गाडी बदलली आणि खिडकीची जागा मिळूनही सगळा वेळ बाहेर न बघता त्याचाच विचार करत बसला.